मुरमाच्या वाटेने माहूरगडाकडे

गेल्या काही वर्षांत युरोप-अमेरिकेत सायकलीचा एक नवा छंद जोरात आहे. त्याला 'ग्रॅव्हल बायकिंग' म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे आपली खडी, आपला मुरूम. चांगला गुळगुळीत डांबरी रस्ता सोडायचा आणि नदीच्या खोऱ्यातून, शेताशिवारातून, जुन्या किल्ल्यांच्या पायथ्याने जाणारी मुरमाची वाट धरायची, असा हा प्रकार. वाचकांना हसू येईल. मुरमाच्या रस्त्याने सायकल मारणे हा जर छंद असेल, तर आपल्या वस्तीतल्या गवंड्याने, दूधवाल्याने, पोस्टमनने तो जन्मभर केला आहे. फक्त त्याला कुणी नाव दिले नव्हते आणि कुणी बक्षीसही लावले नव्हते.

फ्रान्समध्ये लुआर नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठाने राजे-सरदारांचे जुने किल्ले आणि वाडे एकामागून एक उभे आहेत. या खोऱ्याचा मोठा भाग २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्या नदीच्या सोबतीने सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. लोक बायकामुलांसह तिथे जातात, एका किल्ल्यापाशी डबा सोडतात, दुसऱ्यापाशी मुक्काम करतात. इटलीत २०२२ साली या मुरमी शर्यतीची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुषांचे अंतर १९४ किलोमीटर होते. शर्यत संपली कुठे, तर चित्तादेल्ला नावाच्या गावात, जिथे तेराव्या शतकातला तट गावाभोवती आजही उभा आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यात २००६ पासून २०० मैलांची अशीच शर्यत होते. तिथला रस्ता चकमकीच्या दगडाचा, टायर चिरून टाकणारा.

या कामाची खास सायकल मिळते. वजन नऊ-दहा किलो, वाकलेले हँडल, डिस्क ब्रेक, बरेच गिअर. चांगल्यापैकी घ्यायची तर किंमत लाखाच्या घरात जाते. ती पाहून आपण गप्प बसावे असे वाटते खरे, पण एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. या सायकलीचा मुख्य गुण म्हणजे तिचा रुंद टायर. तो साधारण ३५ ते ५० मिलिमीटरचा असतो, म्हणजे खडीत रुतत नाही आणि दणके खातो. आता आपल्या जुन्या काळ्या सायकलीच्या टायरवरचे आकडे वाचा. २८ बाय दीड. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर! जो टायर त्यांनी अलीकडे शोधून काढला, तो आपल्या बापजाद्यांच्या सायकलीला पहिल्यापासून होता. वजन दुप्पट आणि गिअर एकही नाही, एवढाच काय तो फरक.

हे आम्हाला कळले तेव्हा आम्ही ठरवले की आपणही जायचे. आम्ही म्हणजे सात जण: कचेरीत फायली सांभाळणारे दोघे, एक गवंडी, एक ऑटोवाला, पंचायत समितीतले एक शिपाई मामा, आणि दोन मुली. एक अकरावीत, दुसरी कॉलेजात. ठिकाण ठरले माहूरचा किल्ला.

माहूरच का, असे काही जणांनी विचारले. हिंगोली जिल्ह्यात नावाजलेला डोंगरी किल्ला नाही. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. तो नद्यांचा जिल्हा आहे, किल्ल्यांचा नव्हे. मधोमध कयाधू, उत्तरेला सीमेवरून पैनगंगा, दक्षिणेला पूर्णा. गावोगाव आहेत त्या गढ्या. पांढऱ्या मातीच्या उंच भिंती, कोपऱ्याला बुरूज, आत वाडा, भोवती गाव आणि गावाच्या बाहेर आपण. आज बहुतेक गढ्या ढासळल्या आहेत, माती लोकांनी उकरून नेली आहे. पण आमच्या आधीच्या पिढीची माणसे एक गोष्ट हमखास सांगत. नवी सायकल घेतली तरी वाड्यापुढून, गढीपुढून जाताना तिच्यावरून खाली उतरावे लागे. सायकल हातात धरून, मान खाली घालून पुढे जायचे आणि नजरेआड झाले की मग टांग मारायची. हुंड्यात घड्याळ, सायकल, रेडिओ मागण्याचा तो काळ. म्युनिसिपालटीचा पत्र्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे, रात्री दिवा नसला तर पोलीस हवा सोडून देई. हे सगळे सर्वांनाच होते. गढीपुढे उतरणे मात्र सर्वांना नव्हते.

म्हणून किल्ल्यापर्यंत सायकलीवर जाण्यात आम्हाला जी गंमत वाटली, ती त्या फ्रान्सच्या लोकांना वाटत असेल असे नाही. १९८३ साली कांशीरामजींनी डीएस-फोरच्या कार्यकर्त्यांना घेऊन दिल्लीहून सायकल मोर्चा काढला, तो सात राज्यांत फिरला. त्यांनी मोटारींचा ताफा काढला असता तर खेड्यातला माणूस ओट्यावर बसून बघत राहिला असता. सायकल पाहून तो जवळ आला, कारण ती त्याच्या घरात होती.

आता ती घरातून चालली आहे. २०२० साली ३ जूनला, म्हणजे बरोबर जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. आपली पोरे हप्त्यावर मोटारसायकल घेतात, पेट्रोलला पैसे नसले की ती दारात उभी राहते. आमचे मत विचाराल तर हप्त्याची मोटारसायकल हा आजच्या तरुणाच्या गळ्यातला फास आहे. पण तो विषय वेगळा.

रविवारची तालीम

एकदम माहूर गाठायचे म्हणजे अंगात सवय हवी. सुमारे १२० किलोमीटरचा पल्ला, त्यात निम्मा कच्च्या वाटेने. म्हणून नोव्हेंबरातल्या रविवारी आम्ही जवळच्या फेऱ्या केल्या. पहिली नर्सीची. हिंगोलीहून पश्चिमेला कयाधूच्या खोऱ्यात नर्सी नामदेव आहे, संत नामदेवांचे जन्मगाव. त्यांचा जन्म १२७० सालचा. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत, त्यामुळे पंजाबचे यात्रेकरू इथपर्यंत येतात. नदीच्या अंगाने जाणाऱ्या पाणंदीने गेलो. दोन्ही बाजूंना तूर फुलावर होती, हळदीची पाने पिवळी पडायला लागली होती.

नर्सीला बसल्यावर शिपाई मामांनी चोखोबांची आठवण काढली. चोखामेळा हे नामदेवांच्याच काळातले. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू होते, त्यावर त्यांना वेठीने नेले होते. १३३८ साली ते कूस कोसळले आणि चोखोबांसह मजूर दगडमातीखाली गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला नेल्या, असे परंपरा सांगते. मुलींना ही गोष्ट ठाऊक नव्हती. तटाखाली मेलेल्या माणसाची गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात आली नाही का, असे अकरावीतलीने विचारले. आमच्यापैकी कुणाकडे चांगले उत्तर नव्हते.

दुसरी फेरी औंढ्यावरून सिद्धेश्वर धरणाची. औंढा नागनाथचे देऊळ काळ्या दगडाचे, त्यावरचे कोरीवकाम जरूर पाहावे. त्याच तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो नावाची मोठी प्रयोगशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात जोडून आकाशातल्या लहरी मोजणार म्हणे. केंद्र सरकारने २०२३ साली तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. सायकलीवरून आम्ही ते शिवार पाहिले, पोरांना सांगायला बरे.

सिद्धेश्वर धरण पूर्णेवर आहे. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. येथून निघालेल्या कालव्याने वसमतकडची शेती भिजते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात या पाण्याचा वाटा मोठा आहे. कालव्याच्या भरावावरची मुरमाची वाट सायकलीला अशी काही छान आहे की काय सांगावे! चढ नाही, गाडी-घोडा नाही, एका बाजूला वाहते पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली पसरलेले रान. ज्यांना माहूरपर्यंत जाणे जमणार नाही, त्यांनी ही वाट तरी करावी.

आणि पूर्णेचे पाणी बघताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. हीच नदी वर बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा म्हणून ओळखली जाते. नोव्हेंबर १९७९ मध्ये नामांतरासाठी नागपूरहून निघालेला लाँग मार्च तिच्याच पुलावर अडवला गेला आणि लाठीमार झाला. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. आमच्यातल्या ऑटोवाल्या दादांचे वडील त्या मार्चमध्ये होते. दादा धरणाच्या भिंतीजवळ थांबून बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले, आम्ही त्यांना हाक मारली नाही.

कयाधूकडून पैनगंगेकडे

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे आम्ही हिंगोलीतून निघालो. गावातल्या वस्त्यांची नावे जुनी लष्करी आहेत: रिसाला, पलटन, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. निजामाच्या राज्यात येथे छावणी होती. रिसाला म्हणजे घोडदळ. घोड्यांचा काळ गेला, आता रिसाल्यातून आमची लोखंडी घोडी निघाली, असे गवंडी मामा म्हणाले आणि सगळे हसले.

हिंगोली ते कळमनुरी सुमारे २० किलोमीटर. हमरस्त्यावर ट्रक फार, म्हणून आम्ही जमेल तिथे शिवाररस्ता धरला. हरभरा गुडघ्याला लागला होता, ज्वारी पोटऱ्यात होती. मुरमाच्या वाटेने सायकल चालवायची एक रीत आहे, ती सांगतो. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवायची, म्हणजे टायर जमिनीला धरून राहतो आणि मणके शाबूत राहतात. मात्र फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब कापली जाते. सुट्या खडीवर अचानक ब्रेक मारायचा नाही आणि हँडल घट्ट आवळायचे नाही, सैल हाताने सायकलीला तिची वाट शोधू द्यायची. उतारावर पुढचा ब्रेक एकटा दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. आमच्या दोन सायकलींना दांडीचे ब्रेक होते, ते उतारावर नावापुरतेच. अशांनी सरळ उतरून चालावे, त्यात कमीपणा नाही.

आपल्या भागातला खरा शत्रू म्हणजे बाभळीचा काटा. शेताच्या कडेला कुंपणाच्या फांद्या टाकलेल्या असतात. कळमनुरीपर्यंत तीन पंक्चर झाले. सोल्यूशन, पॅच, कानस, पाने, हातपंप आणि दोन ट्यूब जवळ होत्या म्हणून निभावले. दुसरा शत्रू काळी माती. पावसाळ्यात ती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून जून ते सप्टेंबर हा उद्योग करू नये. एप्रिल-मे मध्येही नको, उन्हाने माणूस भाजून निघतो. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत हा खरा हंगाम.

या मुलुखातून माणसे फार पूर्वीपासून ये-जा करत आली आहेत. हिंगोलीच्या उत्तरेला वाशिम, म्हणजे जुने वत्सगुल्म, ही वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी होती. चौथ्या शतकातल्या विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट तिथे सापडला. त्यात नान्दीकट नावाच्या प्रदेशाचा उल्लेख आहे आणि नान्दीकट म्हणजे आजचे नांदेड असे अभ्यासक मानतात. वाशिम ते नांदेड ही ये-जा आपल्याच शिवारातून होत असणार. याच वाशिमच्या घराण्यातल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्याने अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे भिक्खूसंघासाठी कोरवून घेतले. अजिंठा आपल्याला लांबचा वाटतो, पण ज्यांनी तो कोरवला त्यांचे गाव हिंगोलीहून सायकलीने एका दिवसात गाठता येते.

दुपारी इसापूर धरणाकडे वळलो. पैनगंगेवरचे हे मातीचे मोठे धरण. थंडीत पाणपक्षी उतरतात. बंधाऱ्याखाली सावलीत भाकरी, ठेचा, पिठले सोडले.

येथेच आमच्यात थोडा वाद झाला. इटलीत टस्कनी भागात १९९७ पासून जुन्या सायकलींची एक मोठी फेरी निघते. तिथले पांढऱ्या खडीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हा तिचा एक हेतू. कॉलेजातल्या मुलीने हे वाचले होते. ती म्हणाली, "आपल्याकडंबी असे रस्ते राखायला पाहिजेत." गवंडी मामा म्हणाले, "बाई, तू एकदा श्रावणात बाळंतीण घेऊन बैलगाडीत बस, मग सांग." मामांचे म्हणणे बिनतोड आहे. ज्या गावाला अजून पक्का रस्ता नाही, त्याला मुरमाचे कौतुक सांगणे ही चेष्टा झाली. दवाखान्याचा रस्ता, शाळेचा रस्ता डांबरी किंवा सिमेंटचा झालाच पाहिजे, आणि तो आपल्या वस्तीपर्यंत यायला पाहिजे, वेशीपाशी थांबता कामा नये. पण कालव्याचे भराव आणि पाणंदी आहेत तशा मुरमाच्या राहिल्या आणि त्यांवरची अतिक्रमणे निघाली, तर शेतकऱ्याचेही काम होईल आणि सायकलवाल्याचेही. आमच्या मते दोघांचे भांडण नाही.

पैनगंगेच्या अलीकडे एका गावात पाणी प्यायला थांबलो. गावाचे नाव देत नाही. पारावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "कुठली म्हणायची मंडळी? पेट्रोल परवडंना का काय?" माहूरला निघालो म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला. दर्शनाला चाललात, पुण्य लागेल, म्हणाले. किल्ला पाहायला चाललो असे आम्ही सांगितले. मग नेहमीचा प्रश्न आला, "आडनाव काय म्हणलं?" आडनाव सांगितले. क्षणभर कुणी बोलले नाही. घरातून तांब्या घेऊन निघालेला पोरगा उंबऱ्यात थांबला आणि गृहस्थांनी हाताने दाखवले, "तिकडं हापसा हाय की, गार पाणी." हापशाचे पाणी खरेच गार होते. मुलींनी बाटल्या भरल्या. कुणी काही बोलले नाही. पुढे कोसभरावर एका शेतात हळदीला पाणी देणाऱ्या बाईंनी आपण होऊन हाक मारली. आडनाव न विचारता सर्वांना ऊस मोडून दिला आणि मुलींच्या सायकलीवर बसून बघितले. दोन्ही एकाच दिवशी, एकाच नदीच्या काठी घडले, म्हणून दोन्ही लिहिले.

शेंबाळपिंपरीवरून संध्याकाळी पुसद गाठले. पूस नदीवरचे हे गाव. वस्तीतल्या विहारात पाठ टेकायला जागा मिळाली. तिथल्या तरुणांनी रात्री उशिरापर्यंत गप्पा मारल्या, सकाळी दोघे जण सोबत निघाले. त्यांच्या सायकली आमच्यापेक्षा चांगल्या होत्या, हे कबूल केले पाहिजे.

गडाच्या दारात

पुसदच्या पुढे मुलूख बदलतो. काळी सपाट शेती संपते, टेकड्या, सागाचे रान आणि बंजारा तांडे लागतात. सुमारे ५० किलोमीटरचा हा टप्पा अंगाला घाम आणणारा. धनोड्याला पैनगंगेचा पूल ओलांडला की नांदेड जिल्हा लागतो आणि समोर माहूरचे डोंगर उभे राहतात. नदी या डोंगरांना वेढा घालून जाते. हे पाहिल्यावर किल्ला येथेच का बांधला ते वेगळे सांगावे लागत नाही.

माहूर म्हटले की बहुतेकांना रेणुकेचे ठाणे आणि दत्तशिखर आठवते. शेजारच्या डोंगरावरचा किल्ला फार थोडे जण चढतात. याला रामगड असेही म्हणतात. बहमनी राज्यात महमूद गावान वजीर असताना वऱ्हाड सुभ्याचे दोन भाग झाले, एकाचे ठाणे गाविलगड आणि दुसऱ्याचे माहूर. पुढे इमादशाही, मग मोगल. जहांगीर बादशहाविरुद्ध बंड करून शहाजहान १६२३ साली पळत सुटला, तेव्हा तो याच माहूरवरून गोवळकोंड्याकडे गेला. माहूरच्या देशमुख घराण्यातल्या सावित्रीबाई मोगलांच्या बाजूने लढत. औरंगजेबाने त्यांना रायबागन ही पदवी दिली होती. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगली फौज कोंडली, त्या फौजेत या बाई होत्या. एका बाईने घोड्यावर बसून फौज चालवली, ही गोष्ट आमच्या दोन्ही मुलींना भारी आवडली. ती कोणाच्या बाजूने लढली, यावर नंतर त्यांची चर्चा झाली, ती आम्ही ऐकली नाही असे दाखवले.

गडाच्या चढावर सगळ्यांना सायकलीवरून उतरावे लागले. शिपाई मामा धापा टाकत म्हणाले, "उतरलो बरं का, पण चढामुळं उतरलो. कुणापुढं नाही." मामांच्या वडिलांना गढीपुढे उतरावे लागे, हे आम्हाला माहीत होते.

तटाचे दगड मोठे आहेत. आमच्यातल्या गवंडी मामांनी ते हाताने चाचपून पाहिले. सांधा कसा बसवला आहे, दगड कसा घडवला आहे, खालचा थर रुंद का ठेवला आहे, हे त्यांनी अर्धा तास समजावून सांगितले. इतके दिवस आपण किल्ला म्हणजे राजाचे नाव आणि लढाईचे साल एवढेच पाठ केले. दगड फोडणारा, चुना मळणारा, वेठीने वर चढवणारा माणूस कोण होता, हे गवंड्याच्या हाताला लगेच कळले. त्या मुलीने नर्सीला विचारलेला प्रश्न आम्हाला परत आठवला.

हत्ती दरवाजा पाहिला. आतल्या तलावाकाठी बसलो. मुरमाच्या धुळीने सगळ्यांचे चेहरे तांबडे झाले होते. मुली पाण्याशी गेल्या आणि तोंड धुऊ लागल्या, तेव्हा आम्हाला दौलताबादची गोष्ट सांगावीच लागली.

१९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांबरोबर मोटारबसने वेरूळ आणि दौलताबाद पाहायला निघाले होते. दौलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्याच राज्यात. प्रवासाच्या धुळीने सगळे माखले होते. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याचा काठोकाठ भरलेला लहान हौद होता. काही जणांनी त्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान मागून ओरडत आला की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहायला परवानगी मिळाली ती एका अटीवर, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि त्यावर लक्ष ठेवायला बंदूकधारी शिपाई बरोबर दिला. परदेशांत शिकून आलेला, महाडचा सत्याग्रह करून सात वर्षे झालेला माणूस, त्याच्या मागे पाण्यासाठी पहारा! हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात नोंदवले आहे. स्पृश्य हिंदूंना जो अस्पृश्य, तो इतरांनाही अस्पृश्यच वाटतो, हे दाखवण्यासाठी त्यांनी ही हकिगत दिली. ते लिखाण त्यांच्या समग्र साहित्याच्या बाराव्या खंडात आहे, प्रत्येक घरात वाचले गेले पाहिजे.

मुलींनी ऐकून घेतले. मग अकरावीतलीने पुन्हा जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, सावकाश. तिची आई आणि दुसऱ्या मुलीची आई टेम्पोने थेट माहूरला आल्या होत्या. मुलगी सायकलीवर दोन दिवस जाणार, लोक काय म्हणतील, या चिंतेने त्यांनी घरी बरेच आढेवेढे घेतले होते, शेवटी आम्हीच येतो म्हणाल्या. त्यांनी डबे उघडले. तलावाच्या काठी आम्ही पोटभर जेवलो.

या मुलीची सायकल शाळेतून मिळालेली. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आपल्या जिल्ह्यातल्या मुलींनाही मिळतात. मुलगी घरी बसली की ती सायकल भाऊ नेतो किंवा ती ओसरीत गंजते. पालकांनी आपल्या मुलीचे नाव यादीत आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारावे. आणि सायकल आल्यावर ती मुलीच्याच हातात राहते का, हे घरात बघावे.

आम्ही कारकून माणसे, हिशेब दिल्याशिवाय चैन पडत नाही. परतीच्या टेम्पोचे भाडे, चहापाणी, पंक्चरचे सामान, विहारात ठेवलेले दान, सगळे धरून माणशी ४०० रुपयांच्या आत काम झाले. माहूरला सायकली टेम्पोत चढवल्या आणि रात्री हिंगोलीला उतरलो. कुणाला मोठी इजा झाली नाही. सोमवारी सगळे कामावर हजर होते, बसताना थोडा त्रास झाला तेवढाच.

पुढची फेरी कंधारची. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचे हे गाव, किल्ला भुईवर, भोवती पाण्याचा खंदक. डोंगर चढायचा नाही, म्हणून वयस्कर मंडळींनाही जमेल. हिंगोली डेक्कन स्टेशनवरून नांदेडपर्यंत रेल्वे आणि तिथून पुढे सायकल असा बेत आहे. सायकल रेल्वेच्या सामानाच्या डब्यात बुक करावी लागते, त्यासाठी तासभर आधी जावे. येणाऱ्याने आपली सायकल आठ दिवस आधी तपासून घ्यावी: टायर, ब्रेकचे रबर, चेनला तेल. दोन ट्यूब जवळ असाव्यात. बाभळी कंधारकडेही आहेतच.